गुरुवारचा डावा हात

१

आमच्याकडे गुरुवारी ऐकू येतं. बाकीचे दिवस चाकणजवळच्या निघोज्यात माणसाला स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. घराच्या मागे तानुबाईचं वावर, वावराच्या पलीकडे पत्र्याची कंपनी, आणि कंपनीत ओळीनं उभ्या प्रेस. पत्रा आत, वरून दणका, पार्ट बाहेर. तिन्ही शिफ्ट तेच. माझ्या खानावळीत ताटातली आमटी थरथरत असते. नवीन आलेली पोरं दचकतात आणि आठवड्याभरात विसरतात. गुरुवारी मात्र एमआयडीसीला सुट्टी. त्या दिवशी दुपारी आमचे हे वरच्या खोलीत जाऊन ड्रम वाजवायचे.

माझा नवरा बबनराव. जॅझ ड्रमर. हसा, सगळे हसतात. माझे वडील तर बघायच्या कार्यक्रमातच हसले होते. परळीत लग्नाच्या बँडमध्ये यांचे वडील ड्रम गळ्यात अडकवून चालायचे, तिथं हे शिकले. मग पुण्याला पळाले. कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या सॅक्सोफोनवाल्यानं यांना हाताखाली घेतलं आणि ते खूळ डोक्यात भरवलं. जॅझ म्हणजे काय हो, असं मी लग्नानंतर विचारलं होतं. म्हणाले, "गाणं ठरलेलं असतं विजू, पण दरवेळी पहिल्यांदाच वाजवायचं." मी म्हटलं, म्हणजे रोजच्या भाजीसारखं. केवढे खूश झाले! मला वाटलं, मी काहीतरी फार मोठं बोलून गेले.

मोठ्या हॉटेलांत वाजवायचे. बोर्डावर बबनराव कसं लिहिणार, म्हणून बॉबी. लोक यांच्याकडे पाठ करून जेवायचे. एखाद्यानं टाळी वाजवलीच तर ती वेटरला बोलवायला. पुढे हॉटेलांनी पेनड्राइव्ह लावले, कारण पेनड्राइव्ह रात्रीचं जेवण मागत नाही. लॉकडाऊनमध्ये उरलंसुरलंही गेलं, आणि पन्नाशीला टेकलेले बॉबीराव चाकणच्या काँट्रॅक्टरकडे हेल्पर म्हणून लागले. मी खाली खानावळ घातली. ड्रमचा सेट तेवढा विकू दिला नाही त्यांनी. मी दोनदा गिऱ्हाईक आणलं होतं.

तो सेट कसा वाजतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. पाय खाली असतात. उजव्या पायाखाली मोठा ढोल, डाव्याखाली एकमेकींवर आपटणाऱ्या दोन थाळ्या. उजवा हात वरच्या मोठ्या थाळीवर एकच चाल धरून बसतो, टिंग, टिंग-ट-टिंग, तासन् तास. आणि डावा हात समोरच्या छोट्या ड्रमवर बोलतो. मध्येच कुजबुजतो, चिमटा काढतो, गप्प बसतो, नको तिथं खोकतो. हे म्हणायचे, "उजवा नोकरी करतो, डावा जगतो."

त्या डाव्याचीच चार बोटं प्रेसनं नेली.

२

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय वरचा ठोकळा खाली येत नाही. म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही, असं कागदावर. पण तसं केलं तर टार्गेट पुरं होत नाही. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवायचं, एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण मारायचं. सगळे करतात. सगळ्यांना माहीत असतं. तपासणीला साहेब येतो त्या दिवशी पाचरी खिशात जातात, साहेब गेला की परत जागेवर येतात.

पिंपरीच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात मी यांच्या उशाशी बसले होते. मी चिडले होते, रडत नव्हते. म्हटलं, "लक्ष कुठं होतं तुमचं?"

"लक्ष होतं गं," हे म्हणाले. "प्रेस लयीत होती, मीही लयीत होतो. एकदाच ती अर्धी मात्रा आधी आली."

सुपरवायझर बुद्धभूषण माझ्या शेजारीच उभा होता. चांगला मुलगा, माझ्याकडेच जेवतो. तो हळूच मला म्हणाला, "वहिनी, मशीन कधी आधी येत नसते. मशीनला मन थोडंच असतं."

कंपनीनं गाजावाजा नको म्हणून यांना काढलं नाही. त्याच मशीनशॉपमध्ये, त्याच प्रेसच्या बाजूला, पार्ट मोजून पेटीत टाकायचं हलकं काम दिलं. सगळे म्हणाले, नशीब चांगलं. मीही म्हटलं. काय करणार!

३

खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना आत सोडतात. मशीन पुसून काढतात, झेंडूचे हार घालतात, हळदकुंकू, नारळ, पेढे. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, नुसतं पुजायचं. आमच्या घरी दरवर्षी ड्रमच्या काठ्या पाटावर मांडायची मी. त्या वर्षी एकच काठी मांडली, उजवी. म्हटलं, दुसरी कशाला? उगाच जखमेवर मीठ.

"दुसरी कुठंय?" यांनी विचारलं. मी कपाटाकडे बोट केलं. ती काढली, पिशवीत घातली आणि आम्ही कंपनीत गेलो.

ज्या प्रेसनं बोटं खाल्ली तिला सगळ्यांत मोठा हार होता. अशा मशीनला जरा जास्तच सांभाळतात. मी त्या पेढ्याला हात लावला नाही. हे मात्र शांतपणे पुढे झाले, डाव्या काठीला कुंकू लावलं, आणि मशीनच्या ठोकळ्याखाली असलेल्या खाचेत, झाडूवाल्याच्या नजरेला पडणार नाही अशी, आत सरकवून ठेवली. उरलेल्या अंगठ्यानं मशीनला नमस्कार केला.

"हे काय?" मी म्हटलं.

"हात तिच्याकडे आहे," हे म्हणाले. "काठी माझ्याकडे ठेवून काय करू?"

मला राग आला, हसू आलं, पुन्हा राग आला. चारचौघांत बोलले नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतं, पण काय बोलणार होते मी? काठीच तर होती.

४

दिवाळीनंतरची गोष्ट. गुरुवारी दुपारी मी पीठ मळत होते. वर उजव्या हाताची टिंग-टिंग चालू होती, खाली पायांचा ढोल. अपघातानंतर तेवढंच वाजायचं. ऐकवत नसे. एखाद्यानं अर्धं वाक्य बोलून गप्प बसावं तसं. त्या दिवशी ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की आज बरं वाटतंय. कुठंच अडकत नाहीये. मधल्या जागा भरल्यात. कुजबुज, चिमटा, खोकला. मी मनाशी म्हटलं, चला, हात बरा होतोय.

आणि मग माझा हात पिठात थांबला. बोटं काय परत फुटतात होय?

मी स्वतःला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. कंपनीच्या पत्र्यावर आवाज आपटून परत येत असेल. मोबाइलवर जुनं रेकॉर्डिंग लावलं असेल. मनगटाला काठी बांधली असेल, माणूस जिद्दी आहे. तेवढ्यात मागच्या दारातून तानुबाई आली, आमची घरमालकीण. तिच्याच जमिनीवर निम्म्या कंपन्या उभ्या आहेत, तरी ताक मागायला माझ्याकडे येते.

"आगं विजे, मालकांचा हात बरा झाला व्हय? लई ग्वाड वाजवत्यात आज."

"तुम्हालाही ऐकू येतंय?"

"मी काय भैरी हाय?" ती उंबऱ्यावर बसली. मग वावराकडं बघत म्हणाली, "पर आज गुरवार न्हवं? मंग कंपनीत कोन काम करतंय? येकच मशीन हाय. बारीक, हळूहळू. मी बांधावर हुते तवा ऐकलं."

मी ताक न देताच जिन्याकडं गेले.

खोलीचं दार उघडं होतं. हे डोळे मिटून बसले होते. उजवा हात थाळीवर. डावा मांडीवर, पंच्यात गुंडाळलेला, जसा नेहमी असतो. छोट्या ड्रमचं कातडं माझ्याकडे तिरपं होतं. त्यावर धुळीचा पातळ थर होता, आणि ती धूळ मध्यभागी उडत होती. एका जागी खड्डा पडे, धूळ बाजूला होई, आवाज येई. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि ते थांबलं.

यांनी डोळे उघडले. "आत नको येऊस. दारातूनच ऐक."

"काय ऐकू?" मी म्हटलं. "काही नाही वाजत इथं." आणि खाली येऊन उरलेलं पीठ मळलं. भाकरी एकही नीट झाली नाही. पोरांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

५

माणूस कशालाही सरावतो. गुरुवारी दुपारी मी भांडी जोरजोरात घासायचे, मिक्सर लावायचे, टीव्ही लावायचे. हे खाली यायचे ते तजेलदार होऊन. नवीन लग्न झालं तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. माझा जीव जळायचा. एवढी वर्षं मी राबले, तेव्हा कधी असा चेहरा झाला नाही यांचा.

पितृपंधरवड्याच्या शेवटच्या गुरुवारी प्राजक्ता आली. पुण्याची, हॉटेलच्या शेवटच्या दिवसांत यांच्याबरोबर पियानो वाजवायची. गुणी पोर, यांना काका म्हणते. हात गेल्याचं तिला कुणीतरी उशिरा सांगितलं म्हणून भेटायला आली, येताना छोटा कीबोर्ड घेऊन आली.

"काकांना बरं वाटेल, काकू. नुसतं उजव्या हातानं वाजवू देत. मी सांभाळून घेईन."

खोली लहान. प्लग दाराजवळच्या भिंतीला, म्हणून ती यांच्याकडे पाठ करून बसली. मी दारात चहा घेऊन उभी होते, आणि देवाशपथ सांगते, मी तिला थांबवणार होते. पण सुरू झालंच.

दोघं बोलत होते. जॅझवाल्यांची ती पद्धत असते, थोडं याचं, थोडं तिचं, सवाल-जवाब. तिनं काही विचारलं की डावा तिला उलटं उत्तर द्यायचा, ती हसायची, आणखी अवघड विचारायची. तिच्या मानेवर घाम आला होता. "काका!" ती ओरडली, "अहो, काय वाजवताय! आधी कधी असं…" आणि बोलता बोलता मागं वळली.

हे डोळे मिटून टिंग-टिंग करत होते. डावा हात पंच्यात.

तिच्या बोटांखालचा सूर तसाच लांबत राहिला. छोटा ड्रम मात्र थांबला नाही. तिच्या पुढच्या सवालाची वाट बघत हळूहळू टकटक करत राहिला. एखादा माणूस बोटानं टेबल वाजवतो ना, तसा.

प्राजक्तानं वायर काढली, कीबोर्ड काखेत मारला. चपला हातातच घेऊन ती जिना उतरली. मी मागून "अगं चहा" म्हणाले. किती मूर्ख असतो आपण! फाटकापाशी तिनं एकदाच वळून पाहिलं, वरच्या खिडकीकडे नाही, वावराच्या पलीकडे.

६

त्या संध्याकाळी मी विषय काढलाच. "हे बंद करा. माझ्या घरात मला हे नको."

"बंद कसं करू? मी वाजवतच नाही," हे म्हणाले. भाकरी मोडत होते, एका हातानं. "विजू, खरं सांगू? तो माझ्याहून चांगला वाजवतो. आज कळलं. माझा उजवाच त्याला मागे खेचतो. नोकरी करून करून बैल झालाय तो."

"मग?"

"मग काही नाही. वाढ थोडी आमटी."

मी वाढली. पण दुसऱ्या दिवशी त्यांची कामाची पिशवी धुवायला घेतली तर आत उजवी काठी होती, आणि हळदकुंकवाच्या दोन पुड्या. खंडेनवमी पुढच्याच आठवड्यात होती.

तुम्ही म्हणाल, काठीच ठेवणार होते ना, ठेवू द्यायची. पण मागच्या वेळी हात आधी गेला होता आणि काठी नंतर. या वेळी काठी आधी जाणार होती. माझ्या नवऱ्याला एकच हात उरला होता. त्या हातानं तो जेवतो, शर्टाची बटणं लावतो, पिशवी उचलतो. तापात माझ्या कपाळावर ठेवला होता तो हाच. ते जॅझ खड्ड्यात जाऊ दे! मला तो हात हवा होता.

उजवी काठी मी पिशवीतून काढून वर थाळीपाशी ठेवली. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. त्या दुसरीला तिथून आणल्याशिवाय हे थांबणार नाही, असं मला वाटलं.

७

गुरुवारी कंपनीच्या वॉचमनचा डबा माझ्याकडूनच जातो. एरवी पोरगा नेतो. त्या गुरुवारी मीच नेला. म्हटलं, आत शॉपमध्ये आमचे रिकामे डबे राहिलेत, घेऊन येते. त्याला जेवायची घाई. चावी दिली.

बाहेर टळटळीत दुपार होती. आत अंधार, तेलाचा वास, पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या उन्हाच्या रेघा. मेन स्विच खाली, म्हणजे बंद होता, मी आधी तेच बघितलं. मशिनी कशा गप्प उभ्या होत्या! चालू असताना एवढी भीती वाटत नाही. वावराच्या पलीकडून आमच्या खोलीतली टिंग-टिंग पुसट ऐकू येत होती. हे बसले होते.

उजवा हात तिकडून ऐकू येत होता. ढोल तिकडून. डावा इकडून.

अगदी जवळून. माझ्या गुडघ्यांच्या उंचीवरून. लोखंडावर लाकूड, बारीक, हळू. त्या प्रेसच्या खालून.

मी उंदीर म्हटलं. पत्रा तापून वाजतोय म्हटलं. देवाचं नाव घेतलं नाही, कारण मागच्या नवमीला त्या मशीनवर देवाचंच कुंकू होतं. मी गुडघ्यांवर बसले आणि खाचेत हात घातला. काठी हाताला लागली आणि मी ती धरली. ती धरल्यावरही हलत होती. माझं मनगट तिच्याबरोबर हलत होतं, आणि त्या हलण्यात एक गंमत होती, लाड होता. एवढं मला कळलं. पलीकडं आत अंधारात काहीतरी फिकट होतं, काठीच्या दुसऱ्या टोकाला. मी नीट पाहिलं नाही. हिसका मारला.

काठी बाहेर आली. डावा मध्येच तुटला. वावरापलीकडे उजवा एकटाच थोडा वेळ टिंग-टिंग करत राहिला, मग तोही थांबला.

उन्हात आणून पाहिली. वर्षभर खाचेत पडलेली काठी, धुळीनं माखायला हवी होती. तिचं टोक झिजून फुटलं होतं, रोज वाजवल्यासारखं. धरायची जागा घामानं काळी पडली होती, आणि कोमट होती.

घरी आणून पिठाच्या डब्यात खोल पुरली. जाळायचं धाडस झालं नाही. हे जिन्यावर बसले होते, पांढरेफटक. "थांबला," एवढंच म्हणाले. "विजू, तो थांबला." मी म्हटलं, बरं झालं. पोटभर जेवा आणि झोपा. त्यांच्या उजव्या हातात मीच घास दिला, आणि मला वाटलं, जिंकले.

८

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला बुद्धभूषणचा फोन आला.

यांनी काठी शोधायला त्या खाचेत उजवा हात घातला होता, कोपरापर्यंत. आडवे पडून, डोळे मिटून, चाचपत होते म्हणे. बुद्धभूषण हॉस्पिटलच्या कठड्याला धरून उभा होता आणि तेच तेच बोलत होता. "वहिनी, मेन स्विच खाली होता. मशीन पुसायचं म्हणून मी स्वतः पाडला होता. दोन्ही बटणं मोकळी होती, पाचर नव्हती. ठोकळ्याला खाली यायला जोरच नव्हता, वहिनी."

"मशीनला मन नसतं," मी म्हटलं. काठी कुठं आहे ते मला माहीत होतं. ती तिथं असती तर त्यांनी नुसता हात लावून पाहिला असता, दुसरीसाठी जागा केली असती आणि उठले असते. मी तिला हलवलं म्हणून त्यांना शोधावं लागलं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

मनगटापासून गेला.

दुपारी कपडे आणायला घरी आले. तानुबाई फाटकात उभी होती, पदर तोंडाशी. "विजे, मालक तर हास्पिटलात हायत न्हवं?" तिनं विचारलं. मी तिला बाजूला केलं.

शुक्रवार होता, तिन्ही शिफ्ट चालू होत्या, जमीन हादरत होती. तरी ऐकू येत होतं. वर थाळी वाजत होती आणि छोटा ड्रम वाजत होता. पिठाचा डबा मी उघडून पाहिला नाही. जिना चढले, उंबऱ्याशी थांबले. खोली रिकामी होती. एवढी वर्षं या आवाजाला मी ठणाणा म्हणत आले. पण त्या दुपारी मला त्यातलं सगळं समजत होतं. कुठं थट्टा आहे, कुठं रुसवा, कुठं मुद्दाम उशीर केलाय. इतकं सुंदर होतं की मी भिंतीला डोकं टेकून रडले. मला ते सुंदर वाटलं याची मला अजून किळस येते.

कपडे घेऊन मी परत पिंपरीला गेले.

९

शुद्धीवर आल्यावर यांनी पाणी मागितलं नाही. दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे छातीवर ठेवलेले. माझ्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला.

"वाजतंय?"

खोटं बोलता आलं असतं. पण मग या माणसाकडे काय उरलं असतं? "वाजतंय," मी म्हटलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

डोळे मिटले त्यांनी. हसत होते! कुठंतरी लागावं त्यांना, दुखावं, माझ्यासारखं दुखावं, म्हणून मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा चांगलं वाजतंय. तुम्हाला उभ्या जन्मात असं जमलं नव्हतं."

"मला माहीतच होतं," हे म्हणाले. त्यांना लागलं नाहीच. उलट बायकोला शेवटी गाणं कळलं म्हणून समाधान वाटल्यासारखं बघत राहिले. "सांग ना, कसं कसं वाजत होतं?"

मी सांगितलं. थट्टा, रुसवा, उशीर. मला जमेल तसं. हे मान हलवत ऐकत होते. नर्स सलाइन बदलून गेली. मग यांनी विचारलं, "आणि खाली? मोठा ढोल?"

मी आठवून पाहिलं. "नाही. ढोल नव्हता. त्या खालच्या थाळ्याही नव्हत्या. नुसते हात वाजत होते."

"पोकळ वाटलं असेल."

"थोडं," मी म्हटलं, आणि म्हणून गेल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय म्हणाले.

हे माझ्याकडे बघत नव्हते. कॉटच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होते. तिथं चादरीखाली त्यांची पावलं हलत होती, आधी उजवं, मग डावं, सावकाश, एका लयीत.

"विजू," हे म्हणाले, "डॉक्टरांना जरा विचार ना. कामावर कधीपासून जाता येईल?"